जास्तीचा काना

मी सागाची एक जुनी फळी आहे. दोन हात लांब, वीतभर रुंद. तुम्हाला मित्रांनो म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणते. खरं सांगायचं तर माणसांशी मैत्री करायची मला आता हौस उरलेली नाही. ज्या दोघांनी मला जीव लावला ते दोघंही गेले. बाकीच्यांचा मला रागच येतो, आणि तो लपवायचं माझं वय राहिलेलं नाही. तरी ऐका. माझ्याकडूनही एक वाईट गोष्ट झालेली आहे, ती शेवटी सांगते.

नागपुरात लकडगंज म्हणून भाग आहे. तिथल्या एका आरामशीनवर मला कापलं. मला वाटलं होतं, मी कुणाच्या तरी मोठ्या दाराची चौकट होईन. झालं भलतंच. बबनराव उमरेडकर नावाचा एक तरुण विणकर आला, त्याने मला दोनदा ठोकून पाहिलं, हात फिरवला आणि म्हणाला, "बसायले मस्त आहे." झालं! हातमागाच्या खड्ड्याच्या काठावर मला बसवलं आणि पुढची बावीस वर्षं तो गडी रोज माझ्यावर बसला. पाय खड्ड्यात, हात मागावर, आणि बाकीचा सगळा भार माझ्यावर! सुरुवातीला मी फार चिडले. पण तो विणताना गुणगुणायचा, दमला की मला थोपटायचा. त्याची बायको सुभद्रा शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायची आणि दर सणाला मला तेल लावायची. माझ्या वरच्या अंगाला त्याच्या बसण्याने दोन खोलगट जागा पडल्या. तेवढी सलगी झाल्यावर राग किती दिवस टिकणार? माझा गेला.

मग हातमागाचे दिवस फिरले. लुगडी कोणी घेईना. बबनरावाने माग मोडला, त्याची लाकडं सरपणात गेली, आणि तो एका सुताच्या दुकानात नोकरीला लागला. मला मात्र त्याने जपून ठेवलं. पुढे लकडगंजच्या मागच्या गल्लीत त्यांनी दोन खोल्यांचं बैठं घर घेतलं. पुढे छोटी ओसरी, तिला दोन पायऱ्या. तेव्हा तो म्हणाला, "या फळीची पाटी करू. हिच्यावर बसून घर झालं, आता हिनं नाव मिरवावं."

इथेच तो काना आला, मित्रांनो. नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण त्या एका उभ्या रेघेचं आहे.

पेंटर घरी आला तेव्हा बबनराव दुकानात होता. पेंटर म्हणाला, "बाई, नाव लिहून द्या." सुभद्रा त्या वर्षी प्रौढांच्या रात्रशाळेत जाऊन नुकती लिहायला शिकली होती. तिला कोण आनंद झाला! पण तिच्यापुढे एक अडचण होती. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी नवऱ्याचं नाव तिने एकदाही तोंडातून काढलेलं नव्हतं. त्यांच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. 'अहो' म्हणायचं, 'ते' म्हणायचं, नाहीतर बांगड्या वाजवायच्या. उच्चारच कधी केला नाही, तर अक्षरं कुठून आठवणार? तिला आठवली ती सासूची हाक. म्हातारी अंगणातून ओढून ओढून हाक मारायची, "बाऽबन! ए बाऽबन!" सुभद्राने सुताराची पेन्सिल घेतली आणि माझ्या बसायच्या बाजूवर, त्या खोलगट जागेत, जीभ दाताखाली धरून लिहिलं: बाबनराव. पेंटरने ते बघून माझ्या दुसऱ्या, सपाट बाजूवर ठळक निळ्या रंगात तसंच उतरवलं. बाबनराव उमरेडकर.

संध्याकाळी गल्लीतल्या पोरी हसल्या. "काकू, काना जास्तीचा पडला!" सुभद्राचा चेहरा उतरला. ती विळा घेऊन मला खरवडायला निघाली. मी तर घाबरूनच गेले. तेवढ्यात बबनराव आला. त्याने पाटी पाहिली, बायकोचे डोळे पाहिले, विळा काढून घेतला आणि तीच पेन्सिल उचलून तिच्या अक्षरांखाली लिहिलं:

"सुभद्राने लिहिलं तेच माझं नाव. बबनराव ऊर्फ बाबनराव उमरेडकर."

खाली सही केली, तारीख टाकली. मग ते लिखाण भिंतीकडे आणि निळं नाव गल्लीकडे करून त्याने मला दाराच्या बाजूला स्क्रूने पक्कं बसवलं. त्या दिवसापासून तो सही करताना काना देऊ लागला. सरकारी कागदांवर मात्र जुनंच नाव राहिलं. ते बदलायला कोण जातं!

त्यानंतरची वर्षं माझ्या मानाची. पोस्टमन माझ्याकडे बघून थांबायचा. दिवाळीला सुभद्रा मला पुसायची आणि पुसताना बोट त्या कान्यावर जरा जास्त वेळ ठेवायची. ती गेली, तेव्हापासून मला कोणी पुसलं नाही. सहा वर्षांनी बबनरावही गेला. त्यांना मूलबाळ नव्हतं. शेवटची वर्षं बहिणीच्या मुलीने, गोपिकाने, त्याला सांभाळलं. ती मौद्याच्या शाळेत शिकवते. त्याने मृत्युपत्र करून घर तिच्या नावे केलं आणि त्यात मोठ्या हौसेने आपलं कान्याचं नाव घातलं. बाबनराव. सही पण तीच.

गोपिका मौद्यालाच राहणार होती. म्हणून तिने घर विकायचं ठरवलं, आणि माझ्या दारात ती माणसं आली.

हेमराज मौद्याच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे फिटर आहे. त्याची बायको पुष्पलता ब्लाउज शिवते. आणि हेमराजची आई रुख्माबाई. त्यांचं भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि म्हातारीचे गुडघे पार गेलेले. तिला जमिनीवरचं घर हवं होतं, एवढीच मागणी. त्या दिवशी ती काठी टेकत आली आणि माझ्यासमोरच्या दोन पायऱ्या स्वतः चढली. चढल्यावर वळून मुलाकडे असं पाहिलं, की जिंकलीच! म्हणाली, "हेच घर पाह्यजे मले. इथं मी रोज दारात बसन अन् येणाराजाणाराशी भांडन."

मला ती आवडलीही असती. पण लगेच हेमराजने माझ्याकडे बोट केलं. "ही फळी पहिले काढू. ग्रॅनाईटची पाटी लावू, सोनेरी अक्षरांची." आणि म्हातारीने काठीच्या टोकाने मला ढोसलं. "हो रे बाबा, धूळ किती हिच्यावर!"

मी सांगते, त्या क्षणी ती तिघंही माझी वैरी झाली. धूळ! ती धूळ माझी काय हौस होती? पुसणारी गेली, म्हणून धूळ होती! मी मनात म्हटलं, या घरात तुम्ही राहायला कसे येता तेच बघते.

मला काही करावंच लागलं नाही. माणसांनीच केलं. बँकेच्या वकिलाने सांगितलं, नुसतं मृत्युपत्र चालणार नाही, कोर्टाकडून प्रोबेट आणा. मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा शिक्का, त्याला प्रोबेट म्हणतात. नागपुरात ते लागतंच असं नाही, असं गोपिकाचा वकील म्हणत होता. पण कर्ज बँकेचं, तेव्हा हट्टही बँकेचा. अर्ज झाला. पेपरात नोटीस झाली. सहा महिने त्यातच गेले. मग कोर्टाने कागद पाहिले आणि विचारलं, मृत्युपत्र करणारा बाबनराव. मेलेला बबनराव. घराची रजिस्ट्री बबनरावाची. हे दोघं एकच माणूस कशावरून?

मित्रांनो, मी भिंतीवर हसले.

पुष्पलता महिन्यातून एकदा अंगण झाडायला यायची, घर ओस पडू नये म्हणून. झाडता झाडता ती गोपिकाशी फोनवर बोलायची आणि तिचा आवाज असा खणखणीत, की गल्लीच्या टोकाला कळायचं काय चाललंय. त्यावरून मला सगळं समजायचं. शेजाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र करू म्हटलं, तर गल्लीत सगळे त्याला काका म्हणायचे. त्याचं नाव कसं लिहितात ते कोणी शपथेवर सांगेना. मृत्युपत्राच्या दोन साक्षीदारांपैकी एक वारलेला. दुसरे ओमप्रकाशजी, भिवापूरचे मिरचीचे व्यापारी. त्यांना दोन तारखांना बोलावलं. दोन्ही वेळा निरोप आला, "मिरची तोलून राहिलो, सवड नाही." तिसऱ्या तारखेला आले आणि जजसाहेबांसमोर छाती काढून म्हणाले, "बबनरावले मी लहानपणापासून ओळखतो!" साहेब म्हणाले, "कागदावर बाबनराव आहे." ओमप्रकाशजी म्हणाले, "मंग त्याले नाही ओळखत." घ्या! पुढची तारीख.

'पुढची तारीख' हे शब्द मला फार गोड लागायचे. एक तारीख पडली, की माझं भिंतीवरचं आयुष्य दोन महिन्यांनी वाढायचं. पुष्पलता मात्र दर खेपेला जास्त कडू व्हायची. एकदा झाडू टाकून माझ्यासमोर उभी राहिली. "या 'बा'नं आमचा जीव खाल्ला. अन् पाह्य, इथं बी 'बा'च!" तिने माझा फोटो वकिलाला पाठवला. वकील म्हणाला, पेंटर काहीही रंगवतो, पेंटरच्या चुकीवर कोर्ट चालत नाही. मला हायसं वाटलं. कारण उत्तर माझ्या पुढच्या अंगावर नव्हतंच. ते माझ्या पाठीवर होतं आणि पाठ मी भिंतीला घट्ट लावून बसले होते.

आता म्हणाल, तुला बोलता थोडंच येतं? खरं आहे. पण बोलता आलं असतं तरी मी बोलले नसते. ते ऐकून घ्या.

मधेमधे म्हातारीची खबर कानावर यायची. पावसाळ्यात ती जिन्यात पडली. दिवाळीत खाली उतरणं बंद झालं. उन्हाळ्यात वरच्या खोल्या तापल्या, कूलरला पाणी पुरेना, आणि ती खिडकीत बसून विचारायची, "तारीख काय पडली वं?" पुष्पलता खोटं सांगायची, "आलं जवळ." हे ऐकताना माझं हसणं जरा कमी व्हायचं. पण मग ते सोनेरी ग्रॅनाईट आठवायचं आणि मी पुन्हा कठोर व्हायचे. असे चौदा महिने गेले.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आमच्याकडे मारबतीचा. मोठमोठे पुतळे मिरवत नेतात आणि वर्षभराच्या सगळ्या त्रासाला ओरडून शिव्या घालून गावाबाहेर घालवतात. रुख्माबाईने घरात हट्ट धरला, "मले खाली न्या. मले मारबतीले ओरडू द्या." शेवटी हेमराजने आणि एका शेजाऱ्याने तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं. मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते. सुट्टी म्हणून गोपिकाही किल्ली घेऊन आली होती. मारबत समोरून गेली तेव्हा म्हातारीचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "प्रोबेट घेऊन जाय गे मारबत! तारखा घेऊन जाय गे मारबत! त्या कान्याले घेऊन जाय गे मारबत!" आजूबाजूच्या पोरांना प्रोबेट म्हणजे काय ते कुठे ठाऊक! पण तेही जोरात ओरडले.

मग ऊन लागू नये म्हणून तिला खुर्चीसकट ओसरीवर चढवायला घेतलं. दोन पायऱ्या. गेल्या वर्षी ज्या ती स्वतः चढली होती, त्याच. दुसऱ्या पायरीवर शेजाऱ्याचा पाय सटकला, खुर्ची कलली आणि म्हातारीने आधाराला जे हाताशी आलं ते धरलं. हाताशी मी आले. माझा वरचा गंजका स्क्रू निसटला आणि तिची चार बोटं माझ्या मागे शिरली, नेमकी त्या खोलगट जागेत.

ती तशीच थांबली. बोटं पुढेमागे फिरवली. चेहरा बदलला.

"हेमराज, थांब गा. हे पाटी नाही. हे मागावरची बसायची फळी आहे."

"आई, हात सोड, पडशीन."

"पडू दे! मी उमरेडले तीस वर्षं बसलो अशा फळीवर. माह्या बोटाले कळत नाही काय? काढ हिले. बसायची बाजू पाहू दे मले."

हेमराजने पेचकस आणला. मी सहजासहजी नाही निघाले. राहिलेला स्क्रू मी गच्च धरून ठेवला, आणि त्याने जोर लावला तेव्हा त्याच्या अंगठ्यात असं कुसळ घुसवलं, की तो नाचला. पण लाकडाचा जोर किती! माझी पाठ पंचवीसेक वर्षांनी उजेडात आली. पेन्सिल जशीच्या तशी होती. भिंतीने जपली होती ती.

पुष्पलताने वाचलं. पहिल्यांदा मनात, मग मोठ्याने. "सुभद्राने लिहिलं तेच माझं नाव." गोपिका रडायला लागली. म्हणाली, "मामीनं लिहिलं होतं? मामा आम्हाला कधी बोलले नाही."

रुख्माबाई मात्र हसली. "अवं, तिनं नाव कधी तोंडातून काढलंच नसीन. आयकलं तसं लिवलं बिचारीनं. मीनं बी तसंच केलं असतं." मग ती माझ्याकडे वळली. तिचं हसू पार गेलं. "अन् तू! चौदा महिने पाठीशी लपवून बसली काय वं?"

मित्रांनो, मला आयुष्यात कोणी असं थेट विचारलं नव्हतं.

मी कोर्टात गेले. मला क्रमांक पडला, कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि कारकुनाने मला कपाटावर फेकलं, तेही इतक्या जोरात, की माझा एक कोपरा उडाला. माझ्या पाठीवरची सही मृत्युपत्राच्या सहीशी ताडून पाहिली. ओमप्रकाशजींना पुन्हा बोलावलं. त्यांनी चष्मा लावून माझी पाठ वाचली आणि डोळे पुसत म्हणाले, "हेच अक्षर त्याचं. साहेब, मी ज्याले ओळखतो तो हाच." तरीसुद्धा तीन तारखा पडल्याच. जजसाहेबांची बदली झाली, मग सुट्ट्या आल्या, मग वकिलाच्या घरी लग्न निघालं. त्या तारखा मला अजिबात गोड लागल्या नाहीत. हे मी स्वतःहून सांगते आहे, कोणी विचारलेलं नाही. फेब्रुवारीत निकाल लागला. प्रोबेट मिळालं, रजिस्ट्री झाली, आणि गोपिकाने कोर्टात अर्ज करून मला परत आणलं. तिने मला मौद्याला न्यायला हवं होतं. पण रुख्माबाईने निरोप धाडला होता, "ती फळी माह्याकडे दे. तिचा अन् माहा हिशेब बाकी आहे."

घरप्रवेशाच्या दिवशी मी ओसरीत भिंतीला टेकून उभी होते. रिक्षा आली. मी काठीचा आवाज ऐकायला कान लावून होते. काठी नव्हती. हेमराजने आईला दोन्ही हातांवर उचलून आणलं. ती फार हलकी झाली असावी, कारण तो एका दमात चढला. ज्या दोन पायऱ्या चढून ती पावणेदोन वर्षांपूर्वी जिंकली होती, त्यांना तिचे पाय लागले नाहीत. आता कधी लागणारही नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलंय. एवढे महिने हलणं बंद झालं आणि उरलासुरला जोर गेला.

मित्रांनो, हीच ती माझी वाईट गोष्ट. तारखा कोर्टाने दिल्या, हट्ट बँकेचा होता, काना सुभद्राचा होता. पण उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते कोणाला सापडू नये असं मला मनापासून वाटत होतं. मला माझी भिंत हवी होती. त्या भिंतीपायी एका बाईचे पाय गेले.

ग्रॅनाईटची पाटी लागली. सोनेरी अक्षरं आहेत. लावण्याआधी पुष्पलताने आधार कार्ड हातात घेऊन एकेक काना, एकेक वेलांटी तपासली आणि पाटीवाल्याच्या नाकी नऊ आणले. मला खाली चार पाय ठोकले आणि दाराशी ठेवलं. बसायची बाजू वर. पण म्हातारी पहिल्या दिवशी बसेना. "दुसऱ्याच्या नावावर कशी बसू? पाप लागन." मग तिने ट्रंकेतून स्वतः विणलेलं जुनं लुगडं काढायला लावलं आणि त्याची चौपदरी घडी माझ्यावर घातली. हेमराजने तिला उचलून माझ्यावर ठेवलं. तिने अंग सैल सोडलं, मला हाताने दोनदा ठोकलं आणि म्हणाली, "चौदा महिने तूनं मले वर बसवलं. आता मी बसतो तुह्यावर."

आणि बसते. रोज. सकाळी दूधवाल्याशी भांडते, दुपारी भाजीवाल्याशी. सगळं माझ्या पाठीवर बसून. मी कुरकुरते, ती मला दामटते. आमची दोघींची काही मैत्री वगैरे झालेली नाही.

फक्त परवा एक गोष्ट झाली. घरात कोणी नव्हतं. तिने लुगड्याची घडी जरा बाजूला सारली, पेन्सिलीच्या अक्षरांवर बोट फिरवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात आपल्या मेलेल्या नवऱ्याचं नाव घेतलं. पहिल्यांदाच घेतलं असावं, कारण ती मधेच अडखळली. मग पुन्हा एकदा, नीट घेतलं. म्हणाली, "कोणाले सांगू नको वं."

तुमच्या घरात कोणाचं नाव कोणत्या कागदावर कसं लिहिलंय, ते आज घरी गेल्यावर बघा. माणूस समोर बसलेला असताना विचारा. आणि दारावरची पाटी अधूनमधून पुसा, मागूनसुद्धा. एवढंच सांगायचं होतं.

तिच्या नवऱ्याचं नाव मला माहीत आहे. ते मात्र मी सांगणार नाही.